ट्रिगरवर बोट नेमकं कुठे ठेवायचं?

पिस्तूल नेमबाजी शिकायला आलेला शाळकरी मुलगा असो की पन्नाशीतले गृहस्थ, पहिल्या आठ-दहा दिवसांत एक प्रश्न येतोच: "सर, ट्रिगरवर बोटाचा कुठला भाग यायला हवा?" उत्तरही ठरलेलं आहे. नखाच्या पेराची गादी, आणि त्या गादीचाही मध्य. कुठल्याही रेंजवर कुणालाही विचारा, हेच सांगतील. यात चुकीचं काही नाही. पण एवढं एकच वाक्य घट्ट धरून बसलं की गडबड होते. गादी 'बरोब्बर' ट्रिगरवर यावी म्हणून मुलं मनगट वाकवतात, पकड सैल करतात, तळहात ग्रिपवरून पुढे सरकवतात. मग शॉट डावीकडे का जातोय म्हणून साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) स्क्रू फिरवत बसतात.

माझं म्हणणं असं की बोटाची जागा बोटाने ठरत नाही, ती पकडीने ठरते. आधी पूर्ण हात पिस्तुलावर नीट बसला पाहिजे. मग बोट जिथे पडेल तिथे ट्रिगर आणायचा. ट्रिगर जिथे आहे तिथे बोट ओढूनताणून न्यायचं नाही. हे उलटसुलट का होतं आणि त्याची किंमत किती, ते जरा सविस्तर बघू.

इथे मी मुख्यतः 10 मीटर एअर पिस्तूल डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी किंवा तिकडे कोल्हापूर, बहुतेकांची सुरुवात याच प्रकारापासून होते. एका हाताने धरायचं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा, आणि समोर साठ शॉट.

पाव मिलिमीटरचा हिशेब

10 मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्‍याची कड वर्तुळाच्या रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत सरकला तरी दहाच. त्यानंतर प्रत्येक 8 मिलिमीटरला एक गुण खाली.

आता पिस्तुलावर या. पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं असं धरू. पिस्तुलागणिक ते थोडं कमीजास्त असतं. 33 सेंटिमीटरवर झालेली चूक 10 मीटरवर तीसपट होऊन दिसते. पुढची साइट मागच्या खाचेत पाव मिलिमीटर बाजूला सरकली, तर टार्गेटवर साडेसात मिलिमीटर. पाव मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अख्खा गुण.

उलट, दोन्ही साइट एकमेकींशी बरोबर जुळलेल्या आहेत आणि पूर्ण हातच पिस्तुलासकट 5 मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही 5 मिलिमीटरच बाजूला पडतो. दहा तर दहाच राहतो. म्हणूनच जुने नेमबाज सांगतात, हात हलतोय याने घाबरू नका, साइट बिघडतेय का ते बघा. हात सगळ्यांचाच हलतो. ऑलिंपिक फायनलमध्ये उभ्या असलेल्यांचाही हलतो.

साइट बिघडवणारा मुख्य गुन्हेगार म्हणजे ट्रिगरवरचं बोट. का ते आकड्यातच बघा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे एअर पिस्तूलच्या ट्रिगरचं वजन कमीत कमी 500 ग्रॅम असावं लागतं. स्पर्धेपूर्वी नळी उभी धरून ट्रिगरला तेवढं वजन लटकवून तपासतात. वजन लटकत असताना पिस्तूल सुटलं की नापास. आता एअर पिस्तूल स्वतः असतं साधारण एक किलोचं. म्हणजे प्रत्येक शॉटला आपण पिस्तुलाच्या निम्म्या वजनाएवढा जोर एका बोटाने लावतो. हा जोर सरळ मागे गेला तर पकड तो पेलते, काही हलत नाही. तोच दहा अंशांनी तिरका लागला, तर 85 ते 90 ग्रॅमचा धक्का बाजूला बसतो. सुटायच्या क्षणी, पाव मिलिमीटरचा खेळ चालू असताना, 85 ग्रॅम म्हणजे फार झाले.

चाप सुटल्यावर छर्रा नळीबाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात बोट अजून दाबतच असतं, त्यामुळे सुटल्यानंतरचा झटकाही मोजला जातो. चांगल्या पिस्तुलात ट्रिगर सुटल्यावर आणखी मागे जाऊ नये म्हणून एक थांबा दिलेला असतो, तो यासाठीच.

बोट वळतं कसं

बोटात वाकवणारा मोठा स्नायू नसतो. तर्जनी वाकवणारे दोन मुख्य स्नायू कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. तिथून लांब कंडरा मनगटातून बोटात येतात. एक कंडरा मधल्या पेरावर संपतो, दुसरा थेट नखाच्या पेरापर्यंत जातो. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि तर्जनी वाकवून बघा, आत काहीतरी सरकताना जाणवेल.

बोट सांध्याभोवती फिरतं, त्यामुळे त्याचं टोक कमानीत जातं, सरळ रेषेत नाही. मग सरळ मागे दाब द्यायचा कसा? उत्तर भूमितीत आहे. उजव्या हाताने पिस्तूल धरलंय आणि आपण वरून बघतोय असं समजा. तर्जनीचं पहिलं, म्हणजे तळव्याजवळचं पेर नळीला समांतर, पुढच्या दिशेने आहे. मधल्या सांध्याशी बोट वळून डावीकडे, ट्रिगरवर आडवं आलंय. इथे जर साधारण काटकोन असेल, तर बोटाचं टोक त्या क्षणी सरळ मागेच सरकतं. कमानीचा तेवढा तुकडा नळीच्या रेषेत असतो.

बोट ताणलेलं असेल, म्हणजे ट्रिगर लांब आहे आणि कसंबसं टोक पोचतंय, तर बोट पुढे आणि डावीकडे असं तिरकं असतं. ते वळायला लागलं की टोक मागे जाता जाता डावीकडेही ढकलतं. शॉट डावीकडे. उलट ट्रिगर फार जवळ असेल आणि बोट त्याभोवती गुंडाळलं गेलं असेल, तर टोक मागे येता येता उजवीकडे खेचतं. शॉट उजवीकडे. डावखुर्‍यांनी हे सगळं आरशात बघावं.

'गादीचा मध्य' हा नियम आला तो इथून. मधल्या सांध्याशी काटकोन झाला की नखाच्या पेराची गादीच बहुधा ट्रिगरवर येते. पण मूळ गोष्ट काटकोनाची आहे. गादी हा त्याचा परिणाम. ज्याची बोटं लांब आहेत त्याचा ट्रिगर पेराच्या सांध्याकडे सरकतो, ज्याची आखूड त्याचा टोकाकडे. दोघांनाही तुझं बोट चुकतंय म्हणून दामटवण्यात अर्थ नाही. दोघांचा ट्रिगर हलवायला हवा.

आणखी एक. तर्जनी तळव्याजवळच्या सांध्यातून हलली की अख्खं बोट बाजूला झाडल्यासारखं फिरतं. हालचाल हवी ती मधल्या सांध्यापासून पुढे. पहिलं पेर शांत. आणि ते पहिलं पेर ग्रिपच्या लाकडाला चिकटता कामा नये. बोट आणि लाकूड यांच्यात कागद सरकेल एवढी फट हवीच. फट नसली की बोट वळताना जाड होतं, लाकडाला रेटतं, आणि पिस्तूल बाजूला जातं. हे नवशिक्यांना पटकन लक्षात येत नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष बोटाच्या टोकाकडे असतं आणि चूक होत असते बोटाच्या बुडाशी.

उरली तीन बोटं. मधलं, अनामिका आणि करंगळी यांना खोलवरून वाकवणारा स्नायू बराचसा सामायिक असतो, त्यामुळे ती एकमेकांना सोडत नाहीत. तर्जनीचा भाग त्या मानाने वेगळा, आणि हेच आपलं नशीब. पण वेगळा आहे म्हणून तो आपोआप वेगळा वागत नाही. घाई झाली, साइट मध्यावर दिसली आणि डोक्यात 'आत्ता!' असा आवाज आला की अख्खी मूठ आवळली जाते, लिंबू पिळल्यासारखी. खालची बोटं आवळली की नळीचं तोंड खाली जातं, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट खाली-डावीकडे बसतो. टार्गेटवर घड्याळातल्या सात-साडेसातच्या दिशेने जाणारी छिद्रं दिसली की साइटच्या स्क्रूला हात लावू नका. आधी मूठ तपासा.

खडूची पूड

आमच्या क्लबात आठवीतली एक मुलगी आहे. अंगाने बारीक, हात लहान, क्लबचं पिस्तूल मध्यम आकाराच्या ग्रिपचं. तिचे शॉट चिकाटीने डावीकडे जात होते. पसरलेले नव्हते, एकगठ्ठा होते, फक्त डावीकडे. अशा वेळी मुलांना वाटतं साइटच बिघडली आहे.

तिला म्हटलं, बोट दाखव. तिने दाखवलं. गादी ट्रिगरवर, अगदी पुस्तकात असते तशी.

"सर, पोचतंय की बोट."

"पोचतंय गं, पण कशाला घासून पोचतंय ते बघू."

फळ्याच्या खडूची पूड तिच्या तर्जनीच्या आतल्या बाजूला, तळव्यापासून मधल्या सांध्यापर्यंत चोळली. पाच वेळा रिकामं पिस्तूल सोडायला लावलं. मग पिस्तूल टेबलावर ठेवून ग्रिपकडे बघितलं. ट्रिगरच्या जरा मागे, लाकडावर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान पांढरा डाग. बोट ट्रिगरपर्यंत न्यायला ती पूर्ण हात उजवीकडून पुढे फिरवत होती, आणि दर शॉटला बोटाचं बूड लाकडाला डावीकडे रेटत होतं. गादी बरोबर जागी होती, आणि तरीही सगळं चुकत होतं.

यावरचा उपाय तीन पायर्‍यांचा झाला. पहिली पायरी, पकड पुन्हा पहिल्यापासून. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं ग्रिपच्या मागच्या खोबणीत जेवढं वर जाईल तेवढं. मनगट आणि कोपरापर्यंतचा हात नळीच्या रेषेत. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली टेकलेलं. तळव्याखालची फळी वर सरकवून हाताला लागेपर्यंत घट्ट. तर्जनी या सगळ्यात नाही, ती गार्डच्या बाहेर सरळ.

दुसरी, ट्रिगरचं पातं. स्पर्धेच्या पिस्तुलात ते एका रुळावर बसवलेलं असतं. ॲलन कीने स्क्रू सैल केला की मागे-पुढे सरकतं, काहींमध्ये डावी-उजवीकडे फिरतंही. तिचं पातं जितकं मागे येईल तितकं आणलं. मग डोळे मिटून हात टेबलावर ठेवायला सांगितलं, पकड धरायला सांगितली आणि बोट आत सोडायला. जिथे पडलं तिथे काटकोन जवळजवळ जमत होता.

तिसरी पायरी कानशीची. खडूने दाखवलेल्या जागी अर्धगोल कानस फिरवून लाकूड जरासं उतरवलं, वर बारीक पॉलिश पेपर. एकदम जास्त काढायचं नाही. काढलेलं लाकूड परत येत नाही, एम-सीलची पुट्टी लावून भरावं लागतं. क्लबच्या पिस्तुलावर कानस चालवायची तर परवानगी काढावी लागते हेही खरं. अनेक ठिकाणी ती मिळत नाही आणि एकाच ग्रिपवर दहा मुलं शिकतात. पालक अशा वेळी लाखाच्या पुढचं पिस्तूल घ्यायचा विचार करायला लागतात. त्याआधी मुलाच्या मापाची नुसती ग्रिप वेगळी घेऊन क्लबच्या पिस्तुलाला लावता येते का, हे विचारावं. बहुतेक चांगल्या पिस्तुलांच्या ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत वेगळ्या मिळतात, डाव्या हाताच्याही.

आराम म्हणजे चैन नव्हे

पकड टोचत असेल, बोट बधिर होत असेल, तर 'सवय होईल' असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला मान्य नाही. टोचणार्‍या जागेपासून हात नकळत पळतो. दहाव्या शॉटला जी पकड होती ती चाळिसाव्याला नसते, आणि पकड बदलली की बोटाचा कोनही बदलतो. साठ शॉटसाठी 75 मिनिटं मिळतात. एवढा वेळ हात एकाच जागी परत परत बसायचा असेल तर तिथे त्याला बरं वाटलं पाहिजे.

कोणता त्रास चालतो, कोणता नाही, हे ओळखता यायला हवं. खांद्याला आणि दंडाला थकवा येणार, ते साहजिक आहे, ताकद वाढली की कमी होतो. बेचक्यात फोड, करंगळीच्या मुळाशी लाल वण, तर्जनीच्या कडेला मुंग्या, हे सगळं ग्रिपचं दुखणं आहे. तिथलं लाकूड बघा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखत राहिलं तर सराव कमी करून फिजिओथेरपिस्टला दाखवा, तशीच दामटून नेमबाजी करू नका. आणि बोट वाकवल्यावर अडकून बसत असेल, सरळ करताना कट्कन सुटत असेल, तर ते कंडराच्या आवरणाचं दुखणं असतं. अशा वेळी डॉक्टरकडेच जायचं. ते शिवणकाम करणारीलाही होतं, नेमबाजीच त्याचं कारण असेल असं नाही.

पकड किती घट्ट? सर्वसाधारण सल्ला असा की हात थरथरायला लागेपर्यंत आवळा, मग थरथर थांबेल तेवढंच सैल सोडा. ठीक आहे, सुरुवातीला चालतो. पण महत्त्व किती घट्ट याला नाही, शॉट सुटेपर्यंत तेवढंच घट्ट राहिलं का, याला आहे.

बोटाच्या कातडीचंही थोडं. गादीवर घट्टा पडला की स्पर्श बोथट होतो, तो अधूनमधून घासून काढावा. नख वाढलेलं असेल तर ते ट्रिगरच्या आधी गार्डला लागतं. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो, छोटा टॉवेल जवळ ठेवायचा, क्रीम लावून रेंजवर जायचं नाही. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बोटं गार पडतात, तेव्हा पहिले शॉट टाकण्याआधी हात चोळून गरम करणं हा सरावाचाच भाग.

दोन टप्पे आणि भिंत

एअर पिस्तूलचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो सरकतो आणि एका जागी जाऊन अडतो. तिथून पुढे अगदी थोडं दाबलं की सुटतो. एकूण 500 ग्रॅमपैकी मोठा वाटा पहिल्या टप्प्याला द्यायचा, दुसर्‍याला शंभर-दीडशे ग्रॅमच ठेवायचे, अशी जुळणी अनेक जण करतात. मग हात टार्गेटवर उतरत असतानाच पहिला टप्पा घेतला जातो आणि साइट स्थिरावतात तोपर्यंत बोट त्या अडलेल्या जागेवर टेकलेलं असतं. पुढचं काम छोटं उरतं. नवशिका नेमकं उलटं करतो, आधी नेम पूर्ण लावतो, मग बोटाला हलवायला सांगतो. झटका तिथेच बसतो.

बोटाची जागा खरंच बरोबर आहे का, हे तपासायला टार्गेट लागत नाही. लागते एक पांढरी, कोरी भिंत. टार्गेट समोर असलं की डोळा छिद्र शोधायला पळतो, भिंतीवर शोधण्यासारखं काही नसतं. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, छर्‍यांचा डबा दुसर्‍या खोलीत ठेवा, भिंतीच्या दिशेला कुणी येणार-जाणार नाही हे बघा. मग साइट जुळवा आणि फक्त पुढच्या साइटचा वरचा काठ बघत ट्रिगर सोडा. सुटल्यावरही सेकंद-दोन सेकंद बोट मागेच धरून ठेवा. पुढची साइट खाचेत डावीकडे उडी मारते? बोट ताणलेलं आहे किंवा लाकडाला रेटतंय. उजवीकडे? बोट गुंडाळलं जातंय. खाली? मूठ आवळतेय. साइट जागची हलली नाही तर ती तुमची जागा, मग गादीचा मध्य असो वा नसो. एकदा-दोनदा जमून उपयोग नाही, पाठोपाठ वीस वेळा जमलं पाहिजे.

एअर पिस्तुलांत अशा कोरड्या सरावाची वेगळी सोय असते, हवा न सोडता फक्त ट्रिगर सुटतो. .22 इंची काडतुसाच्या पिस्तुलाचं तसं नाही. त्यात काडतुसाच्या कडेवर फायरिंग पिन आपटते, आणि आत काही नसेल तर ती चेंबरच्या धातूवर आपटून खराब होते. म्हणून नकली काडतूस किंवा प्लग घालूनच कोरडा सराव करायचा. या पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागतो, त्यामुळे ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच हाताळायचं. आणि दोन्ही पिस्तुलांना सारखाच लागू असलेला नियम: नळी टार्गेटकडे वळून नेम धरायची वेळ येईपर्यंत बोट गार्डच्या बाहेर, फ्रेमला लावून सरळ. रेंजवर पिस्तूल ठेवलेलं असेल तर ते रिकामं असल्याची खूण म्हणून त्यात केशरी सेफ्टी फ्लॅग. बोट कुठे ठेवायचं याचं पहिलं उत्तर खरं तर हेच.

वजन बदललं की जागा बदलते

25 मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगर किमान 1000 ग्रॅमचा. म्हणजे बोटाला दुप्पट काम. तिथे अनेकांचं बोट जरा आत, पेराच्या सांध्याकडे सरकतं, कारण गादीच्या मऊ भागावर एवढा दाब आला की ती आधी चेपते आणि मग दाबते, सुटण्याचा क्षण कळेनासा होतो. हाच तो प्रकार, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं, आणि एशियाडच्या नेमबाजीत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्यातल्या वेगवान फेरीत टार्गेट तीन सेकंद समोर येतं, मग सात सेकंद थांबायचं, पुन्हा तीन सेकंद. हात खाली तिरका धरलेला असतो, वर येत येतच पहिला टप्पा घ्यावा लागतो. तीन सेकंदांत बोटाची जागा सुधारायला वेळ नाही. जे काही सुधारायचं ते पहिल्या टार्गेटच्या आधी.

पोलिसांच्या किंवा लष्कराच्या पिस्तुलांचे ट्रिगर आणखी जड, दोन किलो आणि पुढे. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा तर चार किलोच्याही वर जातो. तिथे नखाच्या पेराच्या सांध्याची घडीच ट्रिगरवर आणतात. नुसत्या गादीने ते वजन ओढायला गेलं की बोट थरथरतं. शिवाय तिथे पकड दोन हातांची असते. म्हणून सेवेतल्या कुणा नातेवाइकाने दाखवलेली जागा एअर पिस्तूलला जशीच्या तशी लावू नका, आणि उलटही करू नका.

बोटाला हे सगळं शिकवायला किती वेळ लागतो, यावर एक हंगेरियन नेमबाज आठवतो, कारोली टाकाच. 1938 मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे पिस्तुलाचा हात, निकामी झाला. त्याने डाव्या हाताने सुरुवातीपासून शिकायला घेतलं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, 1952 मध्ये हेलसिंकीला पुन्हा. डोळा तोच होता, साइट वाचायची समज तीच होती. पण डाव्या तर्जनीला सरळ मागे जायला त्याला पहिल्यापासूनच शिकवावं लागलं असणार. उजव्या बोटाची सवय अशी डाव्या बोटात उचलून ठेवता येत नाही.

एकदा जागा जमली की ट्रिगरच्या पात्याच्या रुळावर पेन्सिलने बारीक खूण करा, फळीची उंची आणि ट्रिगरचं वजन वहीत लिहून ठेवा. क्लबचं पिस्तूल असेल तर तुमच्यानंतर दुसरा कुणी सरकवणारच. वाढत्या वयातल्या मुलांचं हे माप सहा महिन्यांतही बदलतं. त्या आठवीतल्या मुलीचं पातं एव्हाना दोन खुणा पुढे गेलंय.